आईच्या शिवणातल्या चिंध्या, हातशिलाई आणि मी: सुरुवात कुठून करू?

टाकाचुकली

मंडळी, आईचं घर आवरताना माळ्यावर एक उशीचा अभ्रा सापडला. गच्च भरलेला, तोंड परकराच्या नाडीने आवळलेलं. आत नुसती कातरण. आईने पस्तीसेक वर्षं घरी शिवणकाम केलं. झबली, परकर-पोलकी, ब्लाउज. त्यातला एकही तुकडा तिने टाकलेला दिसत नाही.

काल सगळं जमिनीवर ओतलं. सगळ्यात मोठा तुकडा माझ्या तळहाताएवढा. बरेचसे काडेपेटीएवढे, काही बोटभर रुंदीच्या पट्ट्या, आणि बाह्यांच्या गोलाईतून निघालेले चंद्रकोरीसारखे कपटे तर शंभरेक तरी असतील. ते सोडून द्यायला जीव होत नाहीये.

मशीन नाही आणि घ्यायचंही नाही. रात्री जेवणं झाल्यावर तासभर हाताने करता येईल असं काही हवंय. अनुभव म्हणाल तर बटणं लावते आणि साडीला फॉल लावते, तोही दुकानातल्यापेक्षा बरा. गोधडीच व्हायला हवी असं नाही. पण एवढ्या बारक्या तुकड्यांचं नक्की काय होऊ शकतं, आणि आधी काय करू?

गुलबक्षी

आधी सुई बाजूला ठेव. प्रतवारी कर.

रंगाप्रमाणे नको, पोताप्रमाणे. सुती वेगळं, टेरिकॉट-पॉलिस्टर वेगळं, रेशीम आणि खण वेगळे, जॉर्जेट असेल तर थेट बाहेर. ते हातात थांबत नाही, नवशिकीचा अंत पाहतं. ओळखू आलं नाही तर एक धागा काढून चिमट्यात धरून जाळ. सुती धागा कागदासारखा जळून राख होतो, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो, रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो. हे बेसिनपाशी कर, चिंध्यांच्या ढिगाशेजारी नको. मी तो पराक्रम केलेला आहे.

मग धुणं. एवढे कपटे मशीनमध्ये टाकलेस तर दोऱ्यांचं जावळ बाहेर येईल. बादलीत कोमट पाण्यात भिजव, लाल, जांभळे आणि निळे वेगळे. पाणी रंगलं तर ते तुकडे पुन्हा पुन्हा भिजव. तरीही रंग सोडत असतील तर पांढऱ्याशेजारी लावू नकोस. सावलीत वाळव आणि किंचित दमट असतानाच इस्त्री कर.

अजून एक. तुकडा उजेडासमोर धरून दोन्ही हातांनी हलकेच ताण. जुनं मलमल असेल तर चर्र होईल. ते आत्ताच झालेलं बरं.

पाव_इंच

नमस्कार. मी निवृत्तीनंतर या नादाला लागलेला पुरुष आहे, हे आधीच सांगतो म्हणजे कुणी ताई म्हणणार नाही.

तुमच्या परिस्थितीला षटकोन उत्तम. परदेशात दोन-अडीचशे वर्षं हे करतात. कागदाचा षटकोन कापायचा, त्यावर कापड दुमडून कच्च्या टाक्याने अडकवायचं, असे षटकोन एकमेकांना जोडायचे आणि सगळ्या बाजू जोडून झाल्या की कागद काढून घ्यायचा. मशीन लागत नाही, टेबल लागत नाही, डब्यात घालून गाडीतही नेता येतं.

एक इंच बाजूचा षटकोन घ्या. कंपासने एक इंच त्रिज्येचं वर्तुळ, तेच अंतर परिघावर सहा वेळा, बिंदू जोडा. तो टोकापासून टोकापर्यंत दोन इंच आणि समोरासमोरच्या बाजूंत पावणेदोन इंचाला किंचित कमी भरतो. चहूकडून पाव इंच माया (दुमडायला सोडलेलं जास्तीचं कापड) धरली की अडीच बाय सव्वादोन इंचांचा तुकडा पुरतो. तुमच्या काडेपेटीवाल्यांतले निम्मे यात बसणार नाहीत. त्यांच्यासाठी पाऊण इंच बाजू करा. अर्ध्या इंचाच्या नादी लागू नका. तेवढीच जागा भरायला चौपट षटकोन लागतात.

कागद म्हणून जुन्या लग्नपत्रिका वापरा. वहीचं पान मऊ पडतं, पुठ्ठा सुईला दाद देत नाही, पत्रिका बरोब्बर मधली. मध्ये पंचिंगने भोक पाडून ठेवा, नंतर सुईच्या टोकाने कागद उचलता येतो.

जोडताना दोन षटकोन सुलट बाजू आतून समोरासमोर धरायचे आणि कडेकडेने वरून टाका घालत जायचं. फॉल लावताना साडीचे दोनच धागे उचलता ना? तसंच. कागदात सुई जाता कामा नये. इंचाला बारा-चौदा टाके. दोरा राखाडी घ्या, तो सगळ्या रंगांत विरघळतो. सुई नऊ नंबर. हातशिलाईच्या सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, दुकानात यावरून गोंधळ होतो.

सोळा इंचांच्या उशीच्या एका बाजूला कडेचे अर्धवट धरून ११५ च्या आसपास षटकोन लागतात. तिथून सुरुवात करा. पहिल्याच फटक्यात डबल बेडची चादर ठरवणारे लोक मी पाहिलेत. त्यांचे षटकोन आजही डब्यात आहेत.

निवांत_जीव

लग्नपत्रिकांचा असा सदुपयोग प्रथमच ऐकला. आमच्याकडे दोन उशांपुरता साठा नक्की आहे, पाठवू का?

टाकाचुकली

@गुलबक्षी, प्रतवारी झाली. सुती जवळजवळ दोन तृतीयांश निघालं. खणाचे पंचवीसेक तुकडे आहेत, पण हात लावला की कडा सुटतायत.

@पाव_इंच काका, चंद्रकोरींचं काय? षटकोनात एकही बसत नाही.

घाटमाथा

बसणार नाहीतच. कारण काकांच्या पद्धतीत आधी आकार ठरतो आणि मग त्यात बसेल ते कापड. आपल्याकडे उलटं चालतं.

आमच्या आजीने आयुष्यात कापडाला पट्टी लावली नाही. खाली जुन्या सुती लुगड्याचा थर, त्यावर चिंधी ठेवायची, कड बोटाने आत दुमडायची आणि धावदोरा घालायचा. पुढची चिंधी आधीच्या चिंधीच्या उघड्या कडेवर चढवायची. चंद्रकोर असेल तर चंद्रकोरीसारखीच लावायची. खालचं लुगडं सगळा भार घेतं, त्यामुळे वरचा तुकडा केवढा आहे याला काही अर्थच राहत नाही.

शिवाय तुमचे गोलाईचे कपटे उरेब आहेत. धाग्याला तिरपे कापलेले, म्हणून ओढले की लांबतात. सुटे सुटे जोडायला गेलात तर झोळ पडेल. खाली कापड असलं की जागेवर बसतात. बारीक टाचण्या लावून दुमडा आणि गोल कडेला आतून दोन-तीन बारीक कातऱ्या मारा म्हणजे दुमड फुगत नाही.

खणाला माया अर्धा इंच ठेवा, पाव इंचात उसवतो. आणि नवं जाड कापड विरलेल्या मलमलीशेजारी लावू नका. दोन धुण्यांत जाड कापड मलमलीला ओढून फाडतं.

अठरा बाय अठराचं आसन करा आधी. पाटावर घालायला. बिघडलं तरी त्यावर बसायचंच आहे.

पाव_इंच

गोधडीला माझा विरोध नाही. पण फॉल लावणारा हात कडेच्या टाक्यात तयार असतो, धावदोऱ्यात नाही. तीन थरांतून सरळ रेषेत धावदोरा घालणं दिसतं तितकं सोपं नाही.

घाटमाथा

सरळ रेषेत घाला असं कोण म्हणालं?

दांडेली_एक्सप्रेस

दोघांच्या मधली एक गोष्ट सांगते. माझं बालपण हल्याळला गेलं. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागात सिद्दी लोकांची गावं आहेत. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. त्यांच्या बायका जी गोधडी करतात तिला कवंडी म्हणतात.

तिची गंमत अशी की तुकडे जोडणं आणि थर शिवणं ही दोन कामं वेगळी नाहीतच. खाली साडी पसरायची, एका कोपऱ्यापासून सुरू करायचं आणि कडेकडेने तुकडे लावत, फिरत फिरत मध्याकडे यायचं. प्रत्येक तुकडा लावतानाच धावदोऱ्याच्या ओळी खालच्या साडीपर्यंत जातात. म्हणजे शेवटचा तुकडा बसला की काम संपलं. वर पुन्हा थर भरायला बसायला नको. चारी कोपऱ्यांना घडी घातलेले त्रिकोणी कपटे लावतात, त्याला फुला म्हणतात. ते लावल्याशिवाय कवंडी पुरी झाली असं धरत नाहीत.

टाकाचुकली, तुझ्यासारख्या तासभर बसणाऱ्या बाईला हे सोयीचं आहे. कुठेही थांब, तिथपर्यंतचं पक्कं झालेलं असतं. टाके तांदळाच्या दाण्याएवढे, ओळींमध्ये बोटाचं अंतर. दोरा कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतच घे, जास्त लांब घेतलास तर गुंता होतो आणि कापडातून जाऊन जाऊन झिजतो. साधा शिवणाचा दोरा दुहेरी चालेल. भरतकामाचा अँकर दोरा वापरणार असशील तर सहा पदरांतले तीन घे.

आणि बाहेरून आत येताना मध्ये फुगा राहतो. दर दोन फेऱ्यांनी जमिनीवर पसरून हात फिरवत जा.

गुलबक्षी

+१ आसनाला. आणि अंगुस्ताना (सुई ढकलताना बोटावर घालायची टोपी) आजच घे. तीन थरांना मधल्या बोटाचं काय होतं ते तिसऱ्या दिवशी कळतं.

टाकाचुकली

तीन आठवड्यांनी अहवाल.

आधी काकांचं ऐकलं. एक मध्ये, सहा भोवती, असं एक फूल केलं. फिकट पिवळ्या पॉपलिनभोवती निळ्या फुलाफुलांच्या लॉन कापडाचे सहा. जोडताना मजा आली, टाके तर दिसतच नाहीत. पण फूल सपाट बसेना. वाटी झाली. इस्त्री फिरवली, तरी वाटीच. त्यात शेंगदाणे ठेवून नवऱ्याने फोटो काढला.

पाव_इंच

कागद कसे कापलेत?

टाकाचुकली

पहिला कंपासने. त्यावरून दुसरा आखला, दुसऱ्यावरून तिसरा, तिसऱ्यावरून चौथा…

पाव_इंच

हाच घोळ. दर वेळी पेन्सिलीच्या रेघेची जाडी मिळवली जाते. सातवा कागद पहिल्यावर ठेवून बघा, बाजूला दोन-तीन मिलिमीटर फरक दिसेल. षटकोनात एकाची बाजू शेजाऱ्याच्या बाजूएवढी नसली की लांब बाजू चुणते आणि सगळं उचललं जातं. एकच मूळ नमुना ठेवा, तोही जाड प्लास्टिकचा. दह्याच्या डब्याचं झाकण चालेल. सगळे कागद त्यावरूनच आखा आणि रेघेच्या आतून कापा.

टाकाचुकली

हो काका, बघितलं. पहिला आणि सातवा भाऊ-भाऊ वाटत नाहीत.

पण खरं सांगू का, वाटीवर रुसून मी आसन घेतलं आणि तिथेच रमले. खाली आईच्याच जुन्या सुती साडीचे दोन थर, दांडेलीताई म्हणाल्या तसं कोपऱ्यापासून. आता तीन फेऱ्या झाल्यात. चंद्रकोरी एकीत एक अडकवून कडेला लावल्या, माशाच्या खवल्यांसारख्या दिसतायत. एका कोपऱ्यात खणाचा तुकडा अर्धा इंच माया ठेवूनही सुटला, तिथे वरून दुसरा कपटा लावून झाकला. घाटमाथा, तुमच्या आजीला हे चाललं असतं का?

घाटमाथा

आजीने ते झाकलंय हेच ओळखलं नसतं. पुढे.

टाकाचुकली

आई आता आमच्याकडेच असते. पहिले पंधरा दिवस तिने ढुंकून पाहिलं नाही. "ते बोळे करायला ठेवलेले होते, मशीन पुसायला," एवढंच म्हणाली. परवा दुपारी मी बँकेतून आले तर आसन तिच्या मांडीवर. मला वाटलं, बघतेय. जवळ गेले तर सुईने माझी दुसरी फेरी उसवत होती. म्हणाली, टाके हरभऱ्याएवढे घातलेस, तांदळाएवढे घाल.

अर्धी फेरी तिनेच पुन्हा घातली. आता मला माझे टाके शेजारी बघवत नाहीत.

तर नवा प्रश्न: तिचं बोट संधिवाताने जाड झालंय, बाजारातला पत्र्याचा अंगुस्ताना चढत नाही. चामड्याचा कुठे मिळेल? की घरी शिवता येतो?

गुलबक्षी

जुन्या पर्सचा मऊ कोपरा काप. बोटाभोवती गुंडाळून माप घे, अर्धा इंच माया ठेव, एका बाजूने शिव, टोक उघडं ठेवलंस तरी चालेल. सुई जिथे टेकते तिथे आतून दुहेरी कर. आणि माप बोट जास्त सुजलेलं असेल तेव्हा घे.