रविवारचं नेत्रशिबिर आणि चष्म्याचं बुकिंग (सोसायटी ग्रुप)

बर्वे, बी-४०२: सेक्रेटरी साहेब, नोटिशीत परत तेच. 'तपासणी मोफत, चष्मा जागेवरच बुक करा, ५० टक्के सूट.' मागच्या शिबिरातले प्रोग्रेसिव्ह चष्मे (लांबचा-जवळचा नंबर एकाच काचेत) ए विंगमध्ये किती कपाटांत पडून आहेत ते सगळ्यांना ठाऊक आहे. जिना उतरताना पायऱ्या हलतात. जबाबदार कोण?

सावंत (सेक्रेटरी): बर्वे काका, शिबिर सभासदांच्याच मागणीवरून ठेवलंय. बुकिंगची सक्ती तेव्हाही नव्हती, आताही नाही 🙏

देशमुख, ए-१०१: तपासणीची व्हॅन याही वेळी पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये लागणार का? माझा आक्षेप नोंदवावा.

नेहा जोशी, सी-७०३: काका, पायऱ्या हलण्याची कारणं दोन. प्रोग्रेसिव्हच्या खालच्या भागात वाचायचा नंबर असतो. नुसती नजर खाली टाकली की पायरी त्यातून दिसते, म्हणून धूसर. मान खाली घालून वरच्या भागातून बघायचं. आठ-पंधरा दिवसांत अंगवळणी पडतं. दुसरं कारण सवयीने जात नाही, काच चुकीच्या उंचीवर बसली असेल तर. फ्रेम चेहऱ्यावर चढवून बाहुलीसमोर पेनाने खूण केली होती का कुणाची?

बर्वे, बी-४०२: छे. ट्रेमधली फ्रेम उचला, नाव लिहा, पुढचा या. म्हणून सांगतोय, कागदावर पीडी लिहून द्या.

पाटील वहिनी, बी-२०१: पीडी म्हणजे?

शेख, डी-२०४: दोन बाहुल्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये. नाकाच्या मध्यापासून प्रत्येक डोळ्याचं वेगळं मोजायचं. उजवा ३१, डावा ३३ असं निघतं बऱ्याचदा. दोन्ही मिळून ६४ लिहिलं की लॅब ३२-३२ धरते. प्रोग्रेसिव्हमध्ये वाचायची पट्टी अरुंद असते, तिथे हा १ मिलिमीटरही जाणवतो. मायनस ६ नंबरला एकूण ५ मिलिमीटर चुकलं तर ३ प्रिझम तयार होतो, म्हणजे काच चित्र बाजूला सरकवते. मग डोकं दुखणारच.

आणि बाहुलीसमोरच्या खुणेची उंची आली नाही की लॅब अंदाजाने धरते. खूण वर गेली तर लांबचं बघायला हनुवटी छातीला लावा, खाली गेली तर पेपर वाचायला मान वर करा.

गोखले आजोबा, ए-३०३: *फॉरवर्ड केलेला मेसेज:* गाजर, बडीशेप, खडीसाखर... ७ दिवसांत चष्मा उतरवा!!

नेहा जोशी, सी-७०३: आजोबा, अ जीवनसत्त्व कमी असेल तर रातांधळेपणा येतो, तिथे गाजराचा उपयोग. मायनस नंबर बहुतेक वेळा डोळ्याचा गोळा लांब झाल्याने येतो. गाजराने तो आखूड होत नाही.

कुलकर्णी, सी-५०२: खडीसाखर मात्र आजोबांना वर्ज्य आहे ना? 😄

नेहा जोशी, सी-७०३: त्यावरून आठवलं. मधुमेह असणाऱ्यांनी साखर वर-खाली होत असताना नंबर काढून चष्मा करूच नये. साखरेबरोबर डोळ्यातलं भिंग बदलतं, नंबर हलतो. आटोक्यात आल्यावर महिना-दीड महिना थांबा. आणि व्हॅनमधल्या मशीनने डोळ्यामागच्या पडद्याची (रेटिनाची) तपासणी होत नाही. ती वर्षातून एकदा थेंब टाकून, बाहुली मोठी करून डोळ्यांच्या डॉक्टरांकडेच. नंतर ४ ते ६ तास धूसर दिसतं, गाडी चालवायची नाही.

देशमुख, ए-१०१: गाडीवरून आठवलं. व्हॅन. पाहुण्यांचं पार्किंग. आक्षेप.

पाटील वहिनी, बी-२०१: मुलांचं करून घ्यावं का रविवारी?

नेहा जोशी, सी-७०३: वहिनी, फक्त नंबर आहे का एवढं कळेल. मशीनमध्ये बघताना मुलं नजर ताणतात, मग मायनस जास्त निघतो. मुलांचा पक्का नंबर थेंब टाकूनच काढायचा, आणि त्या थेंबांचा असर दिवसभर राहतो, कधी दुसऱ्या दिवशीही. परीक्षेच्या आदल्या दिवशी नको. काच पॉलिकार्बोनेटची घ्या, चेंडू लागला तर तुकडे होत नाहीत.

रोहन, सी-३०१: चष्म्याच्या कागदावरून ऑनलाइन कॉन्टॅक्ट लेन्स मागवता येतात ना?

नेहा जोशी, सी-७०३: नाही. त्या कागदावर लेन्सचा बेस कर्व्ह (आतल्या बाजूचा बाक) आणि व्यास नसतो. शिवाय ४ नंबरच्या पुढे आकडाही बदलतो. चष्मा डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर लांब, लेन्स डोळ्यावरच. चष्मा मायनस ५ असेल तर लेन्स ४.७५.

मंथली लेन्स म्हणजे पाकीट फोडल्यापासून ३० दिवस, ३० वेळा नव्हे. रोज तळहातावर सोल्युशन घालून दोन्ही बाजू बोटाने चोळायच्या. डबीत उरलेल्या सोल्युशनवर नवीन ओतायचं नाही, रोज पूर्ण बदलायचं. सलाइनने जंतू मरत नाहीत. डबी दर ३ महिन्यांनी फेकायची. नळाचं पाणी अजिबात नाही, त्यातला अकँथामिबा बुबुळ खराब करतो. झोपताना, पोहताना, रंगपंचमीला लेन्स काढूनच.

कुलकर्णी, सी-५०२: आणि आपल्याकडे तर टँकरचं पाणी!

सावंत (सेक्रेटरी): कुलकर्णी साहेब, टँकरचा रिपोर्ट नोटीस बोर्डवर लावला आहे. कृपया विषय भरकटवू नये.

कुलकर्णी, सी-५०२: लावलाय, पण अक्षरं इतकी बारीक की वाचायला चष्मा लागतो.

बर्वे, बी-४०२: आणि तो चष्मा पीडी न घेता केलेला. कागदावर पीडी लिहून द्या.

देशपांडे, डी-६०१: ब्लू कटचे (निळा प्रकाश अडवणारी काच) ८०० रुपये जास्त सांगतात. घ्यावा का?

नेहा जोशी, सी-७०३: स्क्रीनचा ताण कमी करायला नको. २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात (वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणारी संस्था) १७ चाचण्या तपासल्या, ताणावर फरक पडत असल्याचं दिसलं नाही. ते पैसे चांगल्या अँटिरिफ्लेक्शन (चकाकी कमी करणाऱ्या) कोटिंगला घाला.

शेख, डी-२०४: आणि ते कोटिंग सदऱ्याच्या टोकाने पुसू नका. आधी पाण्याखाली धूळ घालवा, भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब, मग मऊ कापड. उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलं तर कोटिंगला भेगा पडतात.

पातळ काचेपेक्षा फ्रेम नीट निवडा. काडीच्या आत ५२-१८-१४० असं लिहिलेलं असतं: काचेची रुंदी, नाकावरचं अंतर, काडीची लांबी. ५२ आणि १८ मिळून ७०. पीडी ६२ असेल तर प्रत्येक काच ४ मिलिमीटर आत सरकवावी लागते, मायनसची बाहेरची कड जाड होते. ४८ ची फ्रेम घेतली की निम्मं काम झालं. प्रोग्रेसिव्हला मात्र काचेची उंची निदान ३० मिलिमीटर हवी.

ज्यांचे चष्मे कपाटात आहेत त्यांनी काचेवर वाफ सोडून ट्यूबलाइटसमोर धरा. दोन बारीक गोल कोरलेले दिसतील, एकमेकांपासून ३४ मिलिमीटरवर. कानाकडच्या गोलाखाली २० असेल तर वाचायचा वाढीव नंबर २.००. कागदाशी जुळवा. चष्मा सरळ धरून दोन्ही गोल सारख्या उंचीवर नसतील तर काच फिरली आहे.

बर्वे, बी-४०२: शाब्बास. हे कमिटीने सांगायला हवं होतं.

सावंत (सेक्रेटरी): कमिटीत डोळ्यांचे तज्ज्ञ नाहीत काका, आणि मानधनही नाही. तरी नोटीस बदलतो. बुकिंगचं टेबल काढून टाकू. प्रत्येकाला नंबराचा कागद मिळेल, त्यावर पीडीसुद्धा.

बर्वे, बी-४०२: दोन्ही डोळ्यांची वेगळी.

सावंत (सेक्रेटरी): हो. वेगळी. जुना चष्मा असेल तर सोबत आणावा. व्हॅन गेटबाहेर लागेल.

देशमुख, ए-१०१: गेटबाहेर माझ्या जावयाची गाडी असते रविवारी.

गोखले आजोबा, ए-३०३: काचेवरचे गोल सापडेनात. चष्मा काढला की दिसत नाही, घातला तर बघणार कसं?

शेख, डी-२०४: आजोबा, संध्याकाळी खाली या. मी बघून देतो.