कोलिमाचे मातीचे कुत्रे: परलोकाचे वाटाडे की शिदोरी?

खापरतुकडा
पश्चिम मेक्सिकोतल्या कोलिमा भागातले ते लाल, तुकतुकीत, गुबगुबीत मातीचे कुत्रे फोटोत तरी बऱ्याच जणांनी पाहिले असतील. साधारण इ.स.पू. ३०० ते इ.स. ३०० चा काळ. तिकडे जमिनीत विहिरीसारखा उभा खड्डा खणून तळाशी खोली कोरायचे, त्यात मेलेल्यांना ठेवायचे आणि सोबत हे कुत्रे. आता कुठेही वाचा, एकच टेप वाजते, की कुत्रा आत्म्याला नदी पार करून परलोकात न्यायचा. मला हे अजिबात पटत नाही. या गोष्टीचा लेखी आधार म्हणजे सहागून नावाच्या स्पॅनिश पाद्र्याने १६व्या शतकात अझ्टेक लोकांकडून लिहून घेतलेला मजकूर, म्हणजे हे कुत्रे पुरल्यावर निदान बाराशे वर्षांनंतरचा, आणि तोही मध्य मेक्सिकोतला. कोलिमावाल्यांनी स्वतः एक अक्षर लिहून ठेवलेलं नाही. उलट कुत्र्याकडे नीट बघा की, पोट टम्म, पाय आखूड, आणि बऱ्याच जणांच्या डोक्यावर नाहीतर शेपटीच्या जागी तोटी, म्हणजे मुळात ते भांडंच आहे. त्या लोकांत कुत्री खायला पाळायचे, दुरान नावाच्या दुसऱ्या पाद्र्याने तर अकोल्मनच्या बाजारात चारशेवर कुत्री विकायला होती असं लिहिलंय. मेलेल्याला शिदोरी दिली, विषय संपला.

निळी_शाई
वा! सहागून १६व्या शतकातला म्हणून बाद, आणि दुरान? तोही त्याच शतकातला आणि अकोल्मन पण मध्य मेक्सिकोतच की. सोयीचा पाद्री चालतो होय?
आणि कोलिमातलेच काही कुत्रे माणसाचा मुखवटा घालून उभे आहेत त्यांचं काय करणार? अंग कुत्र्याचं, चार पाय कुत्र्याचे, तोंडावर सरळ नाकाचा शांत मानवी चेहरा आणि त्याच्या मागून कुत्र्याचे कान वर आलेले. शिदोरीच्या डब्याला कोणी मुखवटा घालतं का?

गप्पिष्ट
युधिष्ठिराबरोबर स्वर्गाच्या दारापर्यंत शेवटी कुत्राच गेला होता, दत्ताच्या पायाशी चार कुत्रे, खंडोबाजवळ कुत्रा. कुत्रा आणि परलोक हे सगळीकडेच आहे बहुतेक, त्यात एवढं भांडण्यासारखं काय ते कळेना.

मातीचे_पाय
@गप्पिष्ट प्लीज, खंडोबाला मेक्सिकोत नेऊ नका, इथे आधीच गर्दी आहे.
दोघांचंही भांडण हवेत चाललंय असं माझं मत. यातले बहुतेक कुत्रे थडगी लुटणाऱ्यांनी काढून विकलेले आहेत. कुत्रा प्रेताच्या डोक्याशी होता की पायाशी, जेवणाच्या भांड्यांत होता की वेगळा ठेवलेला, हेच माहीत नाही आणि तेच तर महत्त्वाचं होतं. न लुटलेलं मोठं थडगं पुरातत्त्ववाल्यांना मिळालं ते १९९३ मध्ये, हलिस्को राज्यात वित्झिलापाला, त्यात सहा माणसं होती, पण अशी उदाहरणं किती? त्यात नकली माल वेगळाच. मातीत शेकडो वर्षं राहून या भांड्यांवर मँगनीजचे काळे ठिपके येतात, ते बघून गिऱ्हाईक खूश होतं म्हणून नकली बनवणारे ठिपकेसुद्धा मारून देतात. अशा मालावरून दोन हजार वर्षांपूर्वीचा धर्म काय सांगणार कपाळ.

खापरतुकडा
@निळी_शाई दुरान सोडून देतो, पोट आणि तोटी तरी राहतेच ना. मुखवटेवाले कुत्रे थोडे, त्यावरून बाकी सगळ्यांना वाटाडे ठरवायचं? काही कुत्र्यांच्या तोंडात मक्याचं कणीस आहे, ते कुठल्या नदीच्या काठी खायचं होतं? शिवाय त्याच थडग्यांच्या कलेत बदकं, खेकडे, पोपट पण आहेत, ते सगळे काय रांगेत उभे राहून आत्मे पोचवत होते?

निळी_शाई
बदकाला नदी पार करता येते, सुचवून बघा :)
पण सहागूनचा मजकूर इतका झटकून टाकण्यासारखा नाहीये. त्यात पांढरा कुत्रा म्हणतो मी आत्ताच अंग धुतलंय, काळा म्हणतो मी आत्ताच अंग काळं करून घेतलंय, दोघं नाही म्हणतात आणि पिवळाच काय तो मेलेल्याला नदीपार नेतो. इतकी बारीक गोष्ट काय एका रात्रीत तयार होते? तिच्यामागे जुनी परंपरा असणारच. आणि कोलिमाचे कुत्रे बघा, पांढरेही नाहीत, काळेही नाहीत.

खापरतुकडा
अहो तो लाल रंग म्हणजे वरून दिलेला मातीचा लेप आहे, मग दगडाने घासून चकाकी आणलेली. कोलिमात माणसं त्याच रंगात, पोपट त्याच रंगात, भोपळ्याच्या आकाराची भांडी पण त्याच रंगात. मग भोपळा पण वाटाड्या का?

गप्पिष्ट
आमची म्हातारी भोपळ्यात बसूनच गेली होती. टुणूक टुणूक.