अकोला-खंडवा ब्रॉडगेज: मेळघाट सुटलं, आता अंबाबरव्याचं काय?

सातपुड्याचा_पाहुणा:
अकोला-खंडवा मीटरगेज (अरुंद रुळाची) रेल्वे 2017 च्या सुरुवातीला बंद पडली, तेव्हापासून भांडण एकच. ब्रॉडगेज (रुंद रूळ) जुन्याच वाटेने मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून न्यायची (जवळपास 38 किमी जंगल) की बाहेरून. 2021 मध्ये उद्धव ठाकरेंनी मुख्यमंत्री असताना केंद्राला पत्र लिहिलं, कोर्टकचेरी झाली, आणि शेवटी हिवरखेडवरून सोनाळा, जामोद करत मध्य प्रदेशातल्या तुकईथडला जायचं ठरलं. झालं, वाघ वाचला म्हणून सगळे मोकळे. पण नकाशा उघडून बघा ना, सोनाळ्याच्या डोक्यावरच अंबाबरवा अभयारण्य आहे, ते पण मेळघाट प्रकल्पातलंच, आणि सातपुडा तर ओलांडायचाच आहे कुठूनही गेलात तरी. माझं म्हणणं एवढंच की प्राण्यांसाठी भुयारी वाटा, कामगारांच्या कॅम्पची जागा, रात्रीचं काम बंद, हे सगळं टेंडरमध्येच पाहिजे, पहिला जेसीबी उतरायच्या आधी. एकदा भराव झाला की नंतर त्याला भोक कोणी पाडत नाही.

अकोटवाला:
काहून भाऊ, अजून एक फाटा फोडला का? मेळघाटातून नको म्हणे, ऐकलं. वळसा घ्या म्हणे, घेतला. आता वळश्यातबी वाघ निंगाला. 2022 च्या नोव्हेंबरात अकोट-अकोला गाडी सुरू झाली थे झाली, पुढं काय? खंडव्याले जायाचं तं आधी अकोला, मंग भुसावळ, मंग खंडवा. इंदूरले माल नेणाऱ्याले इचारा काय भाडं लागते. तुमाले वाघ पायजे, आमाले गाडी पायजे, अन् तुमी रायता पुण्यात.

सातपुड्याचा_पाहुणा:
पुण्यात नाही हो, शेगावात. आणि गाडी मलाही पाहिजे, नको कुठे म्हटलं.

मीटरगेज_मीनाक्षी:
मुळात वळसा घ्यायची गरजच नव्हती. व्याघ्र प्रकल्प 1974 चा, रूळ त्याच्या आधीचा. काचीगुडा-जयपूर मीनाक्षी एक्सप्रेस इतकी वर्षं तिथूनच गेली, धुळघाटला गाडी गोल फिरून स्वतःच्याच रुळावरून जायची ते बघायला लोक दारात लटकायचे. वाघ काय तेव्हा नव्हते? आता तीसेक किमी जास्त लांबी, नवीन जमीन, नवीन खर्च, आणि तिकडेही जंगल आहे असं धागाकर्तेच सांगतायत, म्हणजे जुनी वाट काय वाईट होती!

रानपिंगळा97:
मीनाक्षीचा स्पीड आठवतोय ना घाटात? दिवसाला मोजक्या गाड्या, त्याही रांगत. ब्रॉडगेज म्हणजे रात्रभर मालगाड्या. उत्तर बंगालची सिलिगुडी-अलीपूरद्वार बघा, तीही जुनीच मीटरगेज, 2004 च्या सुमारास ब्रॉडगेज केली आणि हत्ती मरायचं प्रमाण वाढलं. 2010 च्या सप्टेंबरात एका मालगाडीखाली सात हत्ती गेले. लांब कशाला, आपली चांदा फोर्ट (चंद्रपूर)-गोंदिया पण आधी नॅरोगेजच होती, मीटरगेजहून अरुंद, 2018 च्या नोव्हेंबरात चिचपल्लीजवळ वाघाचे तीन बछडे गाडीखाली. तेव्हा "आधीपासून रूळ होता" हा मुद्दा गाडी बदलली की संपतो.
शिवाय मेळघाटातून केळपाणी, गुल्लरघाट, धारगड अशी गावं उठवलीत आपण वाघासाठी. कोरकू आदिवासी माणसाला सांगायचं इथे राहू नको आणि मालगाडीला म्हणायचं ये बाई, हा कुठला न्याय?

मीटरगेज_मीनाक्षी:
गावांचा मुद्दा मान्य. बाकी नाही, स्पीड लिमिट लावता येतं.

खडी_आणि_स्लीपर:
रेल्वेच्या ठेक्याच्या कामात आहे म्हणून लिहितो. स्पीड लिमिट लावतात, पाळतात किती ते सोडा. खरी गोम कटिंगमध्ये असते. डोंगर कापून रूळ नेला की दोन्ही बाजूला सात-आठ मीटरची उभी भिंत, जनावर एकदा आत शिरलं की वर चढता येत नाही, ते रुळावरूनच पळतं, मागून इंजिन. कटिंगच्या तोंडाशी कुंपण आणि मध्ये कुठेतरी उताराची वाट काढली तर फरक पडतो. आणि अंडरपासचा फार बाऊ करू नका. नाल्यावर मोरी टाकावीच लागते, ती पाइप टाकून न उरकता रुंद-उंच पुलाची केली, कडेने कोरडी जागा ठेवली की झाली वाट. पेंच व्याघ्र प्रकल्पात नागपूर-सिवनी हायवेखाली अशा नऊ वाटा आहेत, सगळ्यात लांब 750 मीटर, कॅमेऱ्यात वाघ येतात त्यातून.
कॅम्पचं मात्र बरोबर बोललात. खरकटं टाकलं की डुकरं, कुत्री, मग बिबट्या. उन्हाळ्यात टँकर नाल्याच्या डोहातून पाणी उपसतात, तोच त्या टापूतला शेवटचा डोह असतो. यावर कोणी बोलत नाही, सगळे वाघाचे फोटो टाकतात.

रानपिंगळा97:
आणि चुलीला लाकूड. जुनी ढोलीवाली झाडं गेली की त्यात राहणारा रानपिंगळा, म्हणजे ते छोटं घुबड, गेला. संपला असं धरलेला पक्षी 1997 मध्ये शहाद्याकडे परत सापडला, मेळघाटातही आहे. कॅम्पला गॅस सिलिंडर सक्तीचे करा, एवढं स्वस्त संरक्षण दुसरं नाही.

अकोटवाला:
सिलिंडर द्या, पूल रुंद बांधा, पैसे काही आमच्या खिशातून जात नाही. जामोद-संग्रामपूरच्या गावाइले पहिल्यांदा गाडी भेटून रायली, थे होऊ द्या. पण रात्री काम बंद म्हणता, तं मे महिन्यात 45 डिग्रीत भर दुपारी माणसानं खडी उचलायची का? त्याचाबी जीव हाये ना बावा.

सातपुड्याचा_पाहुणा:
हा मुद्दा खरंच डोक्यात नव्हता. पहाटे ते अकरा आणि चारनंतर अंधार पडेपर्यंत, असं नाही का करता येणार? तेही फक्त जंगलाच्या पट्ट्यात, जामोदच्या शेतातून रात्रभर चालवा की.

खडी_आणि_स्लीपर:
येईल, पण मुदत वाढेल. पावसाळ्यात तसंही काम रडतखडत चालतं, वर हे. मुदत वाढवून दिली नाही तर ठेकेदार रात्री लाइट लावणारच, कितीही कलमं लिहा. म्हणून टेंडर काढतानाच दोन सिझन जास्त धरा, म्हणजे अकोटवाल्यांनी आत्ताच शिव्या घालून घ्या.

अकोटवाला:
दोन सिझन? घातल्या.