भावाची राहिलेली डिग्री : सोलापुरात काम सांभाळून कुठून पूर्ण करावी?

अशोकचौक_अक्का
नमस्कार. धाकट्या भावासाठी विचारायलेय. वय २१. २०२२ ला बी.कॉम.ला प्रवेश घेतला. दुसऱ्या वर्षी कॉस्टिंग आणि स्टॅटिस्टिक्स राहिले, त्याच सुमारास वडिलांची बायपास झाली आणि त्याने कॉलेज सोडलं. दीड वर्षापासून अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला जातोय, सकाळी ८ ते रात्री ८. डबा भरलेला परत येतो. परवा रात्री दोनला उठले तर गॅलरीत बसलेला. म्हणाला, "अक्का, आता मला शिकायला जमत नाही गं."
वर्षाला १२ हजार खर्च करू शकते, त्यावर एक रुपया नाही. डिग्री कुठून करावी, नोकरीला उपयोगी काय शिकावं आणि त्याचं मन कसं सावरावं, तिन्ही सांगा.

सातरस्ता_७७
आधी लॅपटॉप घ्या. माझ्या मुलाला ५८ हजारांचा घेऊन दिला, आज पोरगा पुण्यात आयटीत आहे. स्वस्तातला घेऊ नका, दोन वर्षांत बॅटरी जाते.

दोनमुलांची_आई
ताई, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ. दुसरा विचारच करू नका. मी लग्नानंतर, दोन मुलं झाल्यावर तिथून बी.ए. केलं. पुस्तकं मराठीत मिळाली, सुट्टीच्या दिवशी संपर्कसत्र. स्वयंपाक करताना ओट्यावर पुस्तक उघडं ठेवायची, अजून त्याच्या पानांना हळद लागलेली आहे.

भवानीपेठ_दादा
मुक्तची डिग्री कोण विचारतंय? माझ्या मावसभावाला इंटरव्ह्यूत तोंडावर सांगितलं, रेग्युलर पाहिजे.

कंदलगावकर
दादा, मान्यता असलेल्या विद्यापीठाची दूरस्थ पदवी नियमित पदवीसारखीच धरायची, असं यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, सप्टेंबर २०२२ मध्ये लेखी कळवलंय. एमपीएससीलाही चालते. फक्त प्रवेशाआधी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या साइटवर त्या विद्यापीठाचं आणि त्या कोर्सचं नाव आहे का बघा. आता डीईबी आयडी, म्हणजे त्याच विभागाचा विद्यार्थी नोंदणी क्रमांक, काढल्याशिवाय असा प्रवेश होत नाही.

भवानीपेठ_दादा
कागदावर सगळंच चालतं. इंटरव्ह्यू घेणारा कागद वाचत नाही.

विजापूररोड_के
कुठल्याही क्लासला "शंभर टक्के नोकरी" म्हटलं की उलट्या पावली परत या. मी पुण्यातल्या एका क्लासला ४० हजार भरले. चार महिने शिकवलं, मग रोज फोन, "इंटरव्ह्यू लावतो." एक लावला तो हडपसरला, पाणी शुद्ध करायची यंत्रं दारोदार विकायचा. आईने गळ्यातलं मोडून दिले होते ते पैसे.

निवृत्त_मास्तर
बाळ, तुझ्या तीन प्रश्नांतला तिसरा पहिला घे. ३१ वर्षं शिकवलं. "मला जमत नाही" म्हणणारी बहुतेक पोरं अभ्यासात कच्ची नव्हती. दोन दोन महिने नीट झोपलेली नव्हती. जेवण सुटणं, रात्री जागं राहणं याला आळस समजू नकोस आणि त्याच्यासमोर दुसऱ्यांच्या पोरांची उदाहरणं देऊ नकोस. टेलि-मानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठीची फोनसेवा, तिचा १४४१६ हा नंबर सरकारी आहे, फुकट आहे, रात्री दोनलाही लागतो, मराठीत बोलता येतं. घरच्यांनी फोन केला तरी चालतो. आपल्या सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढून सरळ दाखवता येतं. तो कधी जगण्याबद्दलच निराशेचं बोलला तर त्याच दिवशी घेऊन जा, सुट्टीची वाट बघू नकोस. फॉर्म नंतर.

दोनमुलांची_आई
मास्तर बरोबर बोलले. पण प्रवेश मुक्तलाच.

हिशेबनीस_चिंचोळी
मी कारखान्यात हिशेब बघतो, पोरं घेण्याआधी मीच बसवून बघतो. टॅलीचं, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं, सर्टिफिकेट सगळ्यांकडे असतं. मी काय विचारतो? हैदराबादला माल निघालाय, ५० हजारांच्या वरचा आहे, ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद, कर. पॅकिंगमधून आलेले डझन आणि रजिस्टरमधले डझन जुळत नाहीत, फरक कुठे ते शोध. दहातल्या आठ पोरांना दुसरं जमत नाही. तुमचा भाऊ दीड वर्ष गड्ड्या मोजतोय, त्याला फरक कुठे पडतो ते हातानं माहीत आहे. मालकाला म्हणावं, रोज एक तास स्टॉक रजिस्टरला बसवा. घरी एक्सेल शिकू द्या. स्वयम-एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवर कोर्स फुकट आहेत, फक्त परीक्षा द्यायची तर हजार रुपये. बारा हजारांतले बरेच उरतील.

सातरस्ता_७७
एक्सेलला लॅपटॉप लागणारच ना. तेच म्हणत होतो.

नवीपेठ_पी
नवीन शैक्षणिक धोरणात दोन वर्षं झाली की डिप्लोमा मिळतो. तो घेऊन मोकळा व्हा.

कंदलगावकर
ते २०२४-२५ पासून. याचा प्रवेश २०२२ चा, जुना पॅटर्न. उलट जुन्या पॅटर्नच्या परीक्षा कायम चालू राहत नाहीत. किती संधी उरल्यात ते कॉलेजच्या परीक्षा विभागात मार्कशीट दाखवून लेखी विचारून घ्या.

विजापूररोड_के
पुन्हा सांगतो, क्लासला पैसे भरू नका. काम सोडून मुक्तला घाला.

भवानीपेठ_दादा
काम सोडायला मीही सांगेन. बारा तास उभं राहून कोण शिकणार?

अशोकचौक_अक्का
सगळ्यांचे मनापासून आभार. १४४१६ ला मीच फोन केला. पलीकडच्या बाईंनी वीस मिनिटं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही घाई केली नाही. मग भाऊही स्वतः बोलला. सोमवारी रजा काढून सिव्हिलला जातोय, मी सोबत आहे.
शिक्षणाचं मात्र तुम्ही बहुतेकांनी सांगितलं तसं करत नाही. मुक्तला प्रवेश नाही, काम सोडणं नाही. कॉलेजात जाऊन आलो, त्या दोन पेपरांचा फॉर्म या सत्रात भरता येतो. तो म्हणाला, "हे दोन निघाले तर तिसऱ्या वर्षाचं बोलू, तोवर मला कुठलंच नवीन नाव लावू नको." मला पटलं. मालकांनी जेवणानंतरचा एक तास रजिस्टरला बसवायचं कबूल केलंय. पगार तेवढाच.
लॅपटॉप घेत नाही, काका. कॉस्टिंगचं जुन्या पॅटर्नचं पुस्तक कुणाकडे असेल तर सांगा, मी येऊन घेऊन जाईन.

हिशेबनीस_चिंचोळी
माझ्या पुतणीचं आहे. पहिली पंधरा पानं सुटलीत, सोडवलेली गणितं सगळी शाबूत. उद्या संध्याकाळी ७ नंतर हिराचंद नेमचंद वाचनालयाच्या दारात या. भावाला घेऊन या, ई-वे बिल कसं करायचं ते मोबाइलवरच दाखवतो.