माणूस नसेल तेव्हा कुत्रा जगेल का?

माळरान

परवा या चर्चामंचावर एका सदस्यांनी लिहिले की कुत्रा हा माणसाच्या तुकड्यावर वाढलेला आश्रित आहे, आणि उद्या माणूस नाहीसा झाला तर सहा महिन्यांत त्याची जात संपेल. त्याखाली अनेकांनी 'अगदी खरे' म्हणून माना डोलावलेल्या पाहिल्या आणि राहवले नाही, म्हणून वेगळा धागा काढून सविस्तर उत्तर देत आहे.

हे विधान करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर सोफ्यावर झोपणारा कुत्रा असतो. जगातील बहुसंख्य कुत्री मोकळीच फिरतात, त्यांच्या गळ्यात पट्टा नसतो. ती जोडीदार स्वतः निवडतात, आडोसा शोधून वितात आणि पिल्ले स्वतः वाढवतात. फेब्रुवारी १९५८ मध्ये अंटार्क्टिकातील जपानच्या श्योवा तळावर बदली तुकडी पोहोचू शकली नाही आणि स्लेज ओढणारी पंधरा कुत्री साखळीला बांधलेली मागे राहिली. १४ जानेवारी १९५९ रोजी माणसे परतली तेव्हा सात साखळीतच मेलेली होती, सहा बेपत्ता होती, आणि तारो व जिरो हे दोघे भाऊ जिवंत होते. मेलेल्या सोबत्यांना कोणी तोंड लावलेले नव्हते. म्हणजे अकरा महिने, त्यांतला एक संपूर्ण ध्रुवीय हिवाळा, त्यांनी आपले अन्न आपण मिळवले.

ते अपवाद वाटत असतील तर चेर्नोबिल पाहावे. अणुवीज केंद्रातील स्फोटानंतर २७ एप्रिल १९८६ रोजी शेजारचे प्रिप्यात शहर रिकामे करताना लोकांना तीन दिवसांत परत येऊ असे सांगितले गेले आणि कुत्री दारातच राहिली. पुढे त्यांना गोळ्या घालण्यासाठी पथके फिरली. तरीही २०२३ मध्ये त्या परिसरातील ३०२ कुत्र्यांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तो त्यांच्या पिढ्या तेथे नांदत आहेत म्हणूनच. आणि ऑस्ट्रेलियातील डिंगो हा रानकुत्रा तर किमान तीन हजार वर्षांपूर्वी माणसाच्या होडीतून उतरला आणि रानाचा झाला. याहून मोठा पुरावा कोणता हवा?

दवाखान्यातून

मी पशुवैद्य आहे आणि आपल्या लेखातील तळमळ मला मान्य आहे, पण पुराव्याची मांडणी मान्य नाही. तारो आणि जिरो हे दोन्ही नर होते. ते आणखी दहा वर्षे जगले असते तरी त्यांच्यामागे एक पिल्लूही उरले नसते. एक प्राणी तगून राहणे वेगळे आणि जात टिकणे वेगळे, आणि आपण या दोन गोष्टी एकाच पारड्यात टाकल्या आहेत.

चेर्नोबिलचे उदाहरण तर आपल्याच विरुद्ध जाते. ती कुत्री रानात नाहीत. अणुवीज केंद्राच्या आवारात आणि तपासणी नाक्यांवर आहेत, कारण तेथे कामगार आणि पहारेकरी त्यांना खायला घालतात. आतल्या जंगलात लांडगे आहेत. माणूस खरोखर गेला तेथे कुत्रा टिकला नाही; जेथे माणसाचा डबा उघडतो तेथेच टिकला. इटलीतील आब्रुझ्झोच्या डोंगरात मोकाट कुत्र्यांच्या एका टोळीचा काही वर्षे अभ्यास झाला, त्यात जन्मलेल्या चाळीस पिल्लांपैकी वर्षभर जगली ती फक्त दोन. टोळीची संख्या टिकली ती गावातून नवी कुत्री येऊन मिळाली म्हणून. गावच नसेल तर ती भरती कोठून होणार?

शिवाय आपण सोफ्यावरचा कुत्रा एका वाक्यात बाजूला सारला, मला तो सारता येत नाही. जाहिरातीत पाहिलेला चपट्या नाकाचा पग हौसेने आणायचा, आणि घर बदलताना त्याला टेकडीवर सोडून यायचे, असे लोक मी दर वर्षी पाहतो. गेल्या मे महिन्यात असाच एक पग माझ्या टेबलावर आला. जीभ निळसर पडली होती, श्वास घोरल्यासारखा चालला होता, आणि बाहेर ऊन होते ते जेमतेम सकाळी दहाचे. तो दुपार पाहू शकला नाही. 'कुत्रा जगेल' असे सरसकट लिहिताना हेही आठवावे.

माळरान

पग टिकणार नाही, हे मी कधीच नाकारले नाही. परंतु चाळीसपैकी दोन हा आकडा सर्व देशांना लावता येणार नाही. पश्चिम बंगालमध्ये ३६४ पिल्लांवर नजर ठेवून झालेल्या अभ्यासात प्रजननाच्या वयापर्यंत पोहोचली ती सुमारे १९ टक्के, आणि मेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसामुळे मेली. चाकाखाली गेलेले, विष घातलेले, उचलून नेलेले पिल्लू आपण कोणत्या बाजूला मोजणार? माणूस गेला तर तुकडा जाईल, तशी चाकेही जातील.

दुसरे असे, की पाळीव कुत्री वर्षातून दोनदा माजावर येते, लांडगीण आणि डिंगोची मादी एकदाच, हा फरक नेहमी दाखवला जातो. आपल्याकडील गावठी कुत्रीला मात्र भाद्रपद कळतो. तिची पिल्ले बहुतांशी कार्तिक-मार्गशीर्षात दिसतात, पाऊस सरल्यावर. हे तिला कोणी शिकवलेले नाही. ऋतू ओळखणारा प्राणी आश्रित कसा?

चौकातील खानावळीसमोर

पुस्तकी पुरावे आपण दोघे पाहा, मी डोळ्यांनी पाहिलेले सांगते. मार्च २०२० च्या टाळेबंदीत आमच्या चौकातील खानावळ बंद झाली. तेथील पाच कुत्री पहिला आठवडा बंद शटरसमोर बसून होती, रोज दुपारी साडेबारा वाजता उठून उभी राहायची आणि पुन्हा बसायची. तिसऱ्या आठवड्यात त्यांतल्या दोघी रात्री गटाराच्या कडेने घुशी धरू लागल्या. एक पुढून अडवायची, दुसरी मागून झडप घालायची. उरलेल्या तिघांना ते जमले नाही आणि मे उजाडेपर्यंत ती दिसेनाशी झाली.

या कुत्र्यांना येथेही सगळे 'भटकी' म्हणतात, याचा मला अतिशय राग आहे. एकाच चौकात सहा वर्षे राहणारा जीव भटका कसा? त्यांना वाडगाभर दूधभात देत होते म्हणून आमच्या सोसायटीच्या बैठकीत मला उभे करून जाब विचारला गेला.

दवाखान्यातून

क्षमा करा, पण आपण वाडगा ठेवत होता, तर तो माणसाविना जगण्याचा पुरावा होत नाही.

चौकातील खानावळीसमोर

वाडगा मी एप्रिलच्या अखेरीस ठेवू लागले, घुशी त्यांनी त्याआधीच धरल्या होत्या. माझ्या खरेपणावर शंका घेण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? पाचातल्या दोघी शिकल्या, तिघे गेले. एवढेच माझे म्हणणे आहे, आणि ते आपल्या दोघांच्याही बाजूचे आहे.

खिळ्यांचा पट्टा

इतका वेळ वाचतो आहे आणि एकालाही मेंढपाळाला विचारावेसे वाटले नाही, हे आमच्या नेहमीच्या अनुभवाला धरूनच आहे. आमच्या तीन पिढ्या मेंढरांमागे फिरल्या. आमच्या कुत्र्याच्या गळ्यात लोखंडी खिळ्यांचा पट्टा असतो, तो शोभेसाठी नसतो. लांडगा कुत्र्याचा गळाच धरतो. पट्टा नसलेले कुत्रे वाड्यापासून रात्री दूर गेले, की सकाळी त्याचे काय उरले ते शोधायला आम्हीच जातो. माणूस जाईल तेव्हा त्याची काठी, शेकोटी आणि पट्टा तिन्ही जातील, आणि माळावर लांडगा राहील. मग कुत्र्याचे काय होईल हे सांगायला इटलीला जाण्याची गरज नाही.

माळरान

आपला अनुभव मी नाकारत नाही, पण संख्येकडेही पाहा. २०१९ च्या पशुगणनेत देशात मालक नसलेली कुत्री सुमारे १ कोटी ५३ लाख मोजली गेली. भारतीय लांडगे सारे मिळून तीन हजारांच्या आसपास उरले आहेत. पुण्याजवळच्या माळरानावरील एक प्राणी लांडगा आणि कुत्रा यांचा संकर असल्याचे जनुकीय तपासणीतून सिद्ध झाले, ते २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. माणसाविना जगात लांडगा कुत्र्याला संपवणार नाही, तर कुत्र्यात विरघळून जाईल.

खिळ्यांचा पट्टा

'विरघळून जाईल' हे आपण फार सहज लिहिले. लांडग्याने माझ्या चुलत्यांची कोकरे नेली आहेत, भरपाईसाठी त्यांनी खेटे घातले आहेत, तरीही आमच्या घरात लांडग्याला वाईट बोलत नाहीत. ज्याने आमचे नुकसान केले त्याच्यासाठी आम्हाला वाईट वाटते, आणि आपण त्याच्या नाशाचा उपयोग वाद जिंकण्यासाठी करता, हे मला अजिबात पटले नाही. संकर होतो तो माळ फोडून प्लॉट पाडले म्हणून, उकिरडे माळावर आणले म्हणून, आणि लांडग्याला लांडगीण मिळेनाशी झाली म्हणून. हे सगळे माणसाचे काम आहे. माणूस गेला तर माळ परत वाढेल, सशा-चिंकाऱ्यांची संख्या वाढेल आणि लांडगीही वाढतील.

दवाखान्यातून

यात एक भर घालतो. मोकाट कुत्र्यांकडून लांडग्यात आणि कोल्ह्यात डिस्टेंपर हा विषाणूजन्य रोग आणि रेबीज जातो. माणूस गेल्यावर लसीकरण थांबेल, आणि पहिली काही वर्षे साथीच ठरवतील कोण उरते. दाटीने राहणाऱ्या शहरी कुत्र्यांवर तो तडाखा सर्वांत मोठा असेल.

माळरान

'विरघळून जाईल' हा शब्द मी मागे घेतो. लांडग्याविषयी मला कळकळ नाही, हा आरोप मात्र स्वीकारत नाही. मूळ प्रश्न कुत्र्याचा आहे, आणि लांडगे कधीच नव्हते अशा ठिकाणी काय झाले तेही पाहायला हवे. प्रशांत महासागरातील गालापागोस द्वीपसमूहाच्या इसाबेला बेटावर मोकाट कुत्री सागरी इग्वाना (मोठे सरडे) मारून जगत होती. तेथे कोणाचा उकिरडा होता?

दवाखान्यातून

इसाबेलाचे उदाहरण मान्य करावे लागते, ते मला ठाऊक होते आणि मी लिहिले नाही. माझे म्हणणे आता एवढ्यावर आणतो: निम्म्याहून कितीतरी अधिक कुत्री पहिल्या दोन वर्षांत जातील. उरतील ती मध्यम चणीची, लांब पायांची, भाद्रपदात माजावर येणारी, आणि तीही जेथे लांडगे विरळ आहेत तेथेच. 'सहा महिन्यांत जात संपेल' हे विधान चुकीचे होते, हे मान्य. 'कुत्रा जगेल' हेही अर्धेच आहे.

खिळ्यांचा पट्टा

एक गोष्ट लिहायची नव्हती, पण लिहितो. दिवाळीनंतर घाट उतरताना आमची काळी नावाची कुत्री मागे राहिली. दोन वर्षांनी त्याच माळावर पाझर तलावाच्या काठी ती दिसली, सोबत तीन अर्धवट वाढलेली पिल्ले होती. वडिलांनी नावाने हाक मारली. तिने कान उभे केले, बराच वेळ पाहिले, आणि पिल्ले घेऊन घाणेरीच्या जाळीत शिरली. गळ्यातला पट्टा तेव्हा नव्हता.

दवाखान्यातून

जवळपास वस्ती होती का?

खिळ्यांचा पट्टा

एक पोल्ट्री होती, आणि ते लोक मेलेल्या कोंबड्या ओढ्यात टाकत असत. हे मी लपवत नाही. पण ती पोल्ट्री पुढच्या उन्हाळ्यात बंद पडली, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही काळी आम्हाला दिसली.

दवाखान्यातून

पिल्ले होती?

खिळ्यांचा पट्टा

एक होते.