मदत हवी आहे: शेतोशेती सौरपंप दिसले, म्हणून त्या कंपनीचा शेअर घ्यावा का?

नमस्कार मंडळी,

परभणीला लग्नाला गेलो होतो. पुण्याहून नगरमार्गे कल्याण-निर्मल महामार्गाने. गाडी मेहुण्याच्या हातात, त्यामुळे मला खिडकीतून बघत बसायला मोकळीक. पाथर्डी मागे पडलं आणि लक्षात आलं की विहिरीगणिक सौर पॅनेल उभी आहेत. काही वर्षांपूर्वी याच रस्त्याला विजेच्या मोटरी आणि तारेवर टाकलेले आकडे दिसायचे.

माजलगावच्या अलीकडे चहाला थांबलो, तर टपरीच्या मागेच असा एक पंप होता, पाच एचपीचा. मालक शेतातच होता, त्याने हौसेने दाखवला. खांबाला कंट्रोलरचा डबा, त्यावरचं कंपनीचं स्टिकर उन्हाने निम्मं उडालेलं आणि खाली मार्करने मेकॅनिकचा नंबर. "रातच्याला दारं धरायला जायचं बंद झालं, हेच लई झालं," म्हणाला. ढग आले की पाणी बारीक होतं. पॅनेलवर धूळ बसते, ती पोरगा धुतो. बिघाड झाला तर कंपनीचा माणूस मात्र चार फोन केल्याशिवाय येत नाही. शेजारच्या तीन शेतांत तीन वेगळ्या कंपन्यांचे पंप होते. त्यांतली एकच शेअर बाजारात नोंदलेली आहे, हे मी तिथेच मोबाइलवर पाहिलं. (सौ.च्या मते लग्नाला निघालेल्या माणसाने हे धंदे करू नयेत.)

आता मुद्दा. त्या कंपनीचा शेअर घ्यावा असं मनात घोळतंय. नाव मुद्दाम लिहीत नाही, धाग्याचा टिप्सचा बाजार व्हायला नको.

डोळ्यांना मागणी दिसते, ती खरीच आहे. केंद्राची सौरपंपांसाठीची कुसुम योजना २०१९ मध्ये आली, आपल्याकडे 'मागेल त्याला सौर कृषी पंप' आहे. शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच, बाकी अनुदान. अडतंय ते इथेच. पंप बसतो शेतकऱ्याच्या विहिरीवर, पण कंपनीचं खरं गिऱ्हाईक सरकार. पैसे सरकारकडून येणार, आणि योजना आटोपती घेतली तर शेतकरी पूर्ण किंमत मोजून पंप घेईल का? मला तरी वाटत नाही.

शिवाय पवनचक्क्या बनवणारी सुझलॉन कंपनी आठवते. साताऱ्याकडे चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर गेलेल्यांना आठवेल, पवनचक्क्यांचं रानच. जानेवारी २००८ मध्ये शेअर ४०० च्या वर होता, २०१३ मध्ये दहा रुपयांच्याही खाली. चक्क्या त्या काळातही फिरतच होत्या! जर्मनीतली रीपॉवर कंपनी घेताना झालेलं कर्ज, ऑक्टोबर २०१२ मध्ये थकलेले परकीय रोखे (परदेशातून उसने घेतलेले पैसे), हे पठारावर उभं राहून कुणाला दिसणार होतं?

म्हणून घरी येऊन ताळेबंद उघडला. विक्री वाढलीय, नफाही वाढलाय. पण येणी (माल दिला, पण गिऱ्हाइकाकडून यायचे राहिलेले पैसे) विक्रीपेक्षा वेगाने फुगलीयत आणि धंद्यातून आलेली रोकड उणे आहे. नफा कागदावर आणि पैसे सरकारदरबारी, असा मी अर्थ लावला. बरोबर आहे का?

माझं सांगतो. वय ५२, निफ्टी इंडेक्स फंडात एसआयपी चालू आहे, थेट शेअरमध्ये एकूण गुंतवणुकीच्या दहा टक्क्यांवर जात नाही. बाजाराचंही भय आहेच. सप्टेंबर २०२४ मध्ये निफ्टी २६,२७७ ला गेला आणि एप्रिल २०२५ मध्ये २२,००० च्या खाली डोकावून आला. छोट्या कंपन्यांचे शेअर त्या काळात कसे आपटले ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

तर सरकारी ऑर्डरींवर जगणारी कंपनी तपासताना तुम्ही नेमकं काय बघता? येणी किती दिवसांची झाली की धोका समजायचा? ज्यांनी रस्ते, पाणीपुरवठा, वीज यांतल्या कंत्राटी कंपन्यांचे शेअर बाळगलेत त्यांनी जरूर लिहा. "घ्या" किंवा "नका घेऊ" एवढंच नको.

*

प्रतिसाद:

बँकेत कर्जविभागात होतो म्हणून लिहितो. येण्यांचा एकच आकडा बघून काही कळत नाही. पाच वर्षांचे आकडे ओळीने मांडा. ३१ मार्चला येणी जास्त दिसणं या धंद्यात नवल नाही, कारण बिलं वर्षअखेरीस निघतात. सप्टेंबरचा ताळेबंदही बघा. तेव्हाही उतरली नसतील तर प्रकरण वेगळं. वार्षिक अहवालात येणी किती जुनी आहेत याचा तक्ता असतो, सहा महिन्यांवरची किती ते तिथे कळेल. आणि क्रिसिल, इक्रा, केअर यांच्यापैकी कुणी त्या कंपनीच्या बँककर्जाला मानांकन (कर्ज फेडण्याच्या कुवतीची श्रेणी, रेटिंग) दिलं असेल तर तो अहवाल त्यांच्या साइटवर फुकट मिळतो. ब्रोकरच्या रिपोर्टपेक्षा तो वाचा. मानांकनवाल्याला शेअर विकायचा नसतो.

प्रतिसाद:

रोकड उणे असताना कंपनी पगार आणि कच्चा माल कशातून भागवते? कर्जातून किंवा नवे शेअर विकून. गेल्या तीन वर्षांत शेअरसंख्या वाढली का आणि प्रवर्तकांनी (कंपनी चालवणाऱ्या मालकमंडळींनी) आपले शेअर कर्जासाठी तारण ठेवलेत का, एवढं बघा. बाकी शेतकऱ्याला तुम्ही प्रश्न छान विचारलेत. अजून एक विचारायचा होता: शेजारच्याने तीच कंपनी का नाही निवडली?

प्रतिसाद (धागाकर्ता):

दोघांचेही आभार. शेअरसंख्या वाढलीय, तारण काही नाही. मानांकनाचा अहवाल सापडला, त्यात दोनच राज्यांकडून बहुतेक विक्री असल्याचं लिहिलंय. सप्टेंबरची येणी मार्चपेक्षा थोडी उतरलीत, पण त्याआधीच्या वर्षीच्या सप्टेंबरच्या मानाने बरीच वर आहेत. तूर्त एकही शेअर घेतलेला नाही. शेजाऱ्याचा प्रश्न चांगला आहे. मेहुण्याला सांगितलंय, तो पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच रस्त्याने जाणार आहे. तोवर एक विचारतो: सहा महिन्यांवरच्या येण्यांसाठी कंपनीने तरतूद (बुडतील म्हणून नफ्यातून बाजूला काढलेली रक्कम) फारच कमी केलीय. गिऱ्हाईक सरकार आहे म्हणून हे चालतं, की यातही खोच आहे?