१९६७ स्टॉक: गाडी आपोआप धावत होती, तर चालक कशासाठी?

रूळवेध (प्रश्न)
लंडनच्या भुयारी रेल्वेच्या व्हिक्टोरिया मार्गावर २०११ पर्यंत धावलेल्या '१९६७ स्टॉक' या बनावटीच्या गाड्यांबाबत एक गोष्ट मला उलगडत नाही. १९६८ मध्ये मार्ग सुरू झाला तेव्हापासून त्या स्वयंचलित होत्या, असे वाचनात येते. छायाचित्रांत मात्र पुढच्या केबिनमध्ये माणूस बसलेला दिसतो. मायक्रोप्रोसेसरच नव्हता त्या काळी गाडीला वेग कोण सांगत असे, आणि त्या माणसाकडे काम काय उरत होते?

सिग्नलमित्र
वेगाचा हुकूम रुळांतूनच येत असे. रुळांत ठरावीक लयीने तुटक विद्युतप्रवाह सोडला जाई आणि गाडीच्या पुढच्या भागाखालील कॉइल तो टिपत असे. मिनिटाला ४२० स्पंद मिळाले तर पूर्ण वेगाची मुभा. २७० मिळाले तर ताशी २५ मैलांपर्यंत मोटार चालवण्याची. आणि १८० मिळाले तर मर्यादा तीच, पण मोटार बंद ठेवून केवळ गतीच्या जोरावर पुढे जायचे. स्पंद येणेच थांबले, मग पुढे दुसरी गाडी असो वा यंत्रणेत बिघाड असो, तर आणीबाणीचे ब्रेक लागत. धावण्यासाठी सतत परवानगी लागावी आणि थांबण्यासाठी कोणाच्याही हुकमाची गरज पडू नये, हा विचार मला या संपूर्ण रचनेतील सर्वांत मोलाचा वाटतो.

स्थानकात अचूक थांबण्याची व्यवस्था वेगळी होती. फलाटाकडे येताना रुळावर ठिकठिकाणी 'कमांड स्पॉट', म्हणजे ठरावीक वारंवारतेचा विद्युतसंकेत देणाऱ्या जागा, असत आणि ताशी एका मैलामागे १०० हर्ट्झ असा त्यांचा हिशेब होता. एखाद्या ठिकाणी ३,००० हर्ट्झ मिळाले, तर तेथे वेग ताशी ३० मैल असायला हवा, हे गाडीला कळे. प्रत्यक्ष वेग त्याहून जास्त की कमी, हे पाहून ती ब्रेक आवळत किंवा सैल करत असे.

फलाट क्रमांक तीन
चालकाविषयी लिहितो. या मार्गावर गार्ड पहिल्यापासूनच नव्हता, त्यामुळे दारे उघडणे-मिटणे चालकाकडेच होते. फलाटावरची चढउतार संपल्याची खात्री करून तो दारे मिटत असे आणि मग दोन बटणे एकाच वेळी दाबत असे. चुकून एकावर हात पडल्याने गाडी सुटू नये, यासाठी ती जोडी होती. रुळांतून स्पंद मिळेनासे झाले तर गाडी हाताने, अतिशय मंद वेगात, पुढे नेणेही त्याचेच काम होते. त्यामुळे त्याला नामधारी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. बोगद्यात गाडी अडली की प्रवाशांजवळ असणारा एकमेव जबाबदार माणूस तोच होता.

सिग्नलमित्र
सहमत आहे. एक पुरवणी जोडतो: ही पद्धत थेट नव्या मार्गावर आणलेली नव्हती. १९६४ पासून लंडनच्याच सेंट्रल मार्गाच्या वुडफर्ड–हेनॉल्ट टप्प्यावर प्रवाशांसह तिची चाचणी घेण्यात आली. शिवाय व्हिक्टोरिया मार्गाची स्थानके किंचित उंचवट्यावर बांधली आहेत, म्हणून येताना चढ ब्रेकला मदत करतो आणि निघताना उतार मोटारीला. २००९ स्टॉक गाड्या आल्या, सिग्नल यंत्रणाही बदलली. पण फलाटावरून निघण्याचा हुकूम आजही केबिनमधला माणूसच देतो.